हालो-हालो

गेल्या सप्टेंबरात आमच्या प्रयोगशाळेतलं चिलर बंद पडलं. चिलर म्हणजे यंत्रांना सतत गार पाणी पुरवणारं यंत्र. ते बंद पडलं की लेझर तापतो, लेझर तापला की आम्ही तापतो, आणि मग चार डॉक्टरेटवाले एका बंद पेटीभोवती उभे राहून तिच्याकडे बघत बसतात. आमच्याकडे, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, उन्हाळा असा फारसा नसतोच. पण सप्टेंबरात एखादा आठवडा असा येतो की नागपूरकरानंही रुमाल काढावा. नेमका त्याच आठवड्यात हा प्रकार.

आमची अब्रू आतेनं वाचवली. आते म्हणजे माझी आत्या नव्हे. फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेचं सामानसुमान सांभाळणारी ही बाई साठीची आहे, मूळची मनिलाची, आणि झाडून सगळे तिला आतेच म्हणतात. मी नवीन आलो तेव्हा एक फिलिपिनो मुलगा तिला "आते, आते" करत मागे फिरताना ऐकलं आणि क्षणभर मला सदाशिव पेठेत असल्यासारखं वाटलं. मी मात्र तिच्यासाठी 'डॉक'. इथे ज्याच्या नावामागे डॉक्टर लागतं तो तिचा डॉक.

तर आते कॅन्टीनमधून बर्फाच्या दोन मोठ्या पिशव्या घेऊन आली. पंपाच्या टाकीत बर्फ ओतून आम्ही ती दुपार कशीबशी निभावली. उरलेल्या बर्फाकडे बघत ती म्हणाली, "एवढा बर्फ, एवढा उकाडा, आणि हालो-हालो नाही. पाप आहे, डॉक. शनिवारी घरी ये."

आणि मी गेलो.

*

आते राहते डेली सिटीत. सॅन फ्रान्सिस्कोला चिकटून असलेलं हे गाव. इथल्या दर तीन माणसांत साधारण एक फिलिपिनो वंशाचा. किराणा दुकानात सुकी मासळी, कच्चे फणस, नारळाच्या दुधाचे डबे. कोकणातल्या माणसाला घरची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

हालो-हालोचा अर्थ 'मिसळ-मिसळ'. 'हालो' म्हणजे मिसळणे, ढवळणे. आपल्या 'हलवणे'शी त्याचं काही नातं नाही, पण लक्षात ठेवायला बरं पडतं. उंच काचेचा पेला घ्यायचा. तळाशी पाकात मुरवलेल्या दहा-बारा गोष्टी एकेक चमचा घालायच्या. त्यावर किसलेल्या बर्फाचा डोंगर रचायचा. त्यावर डब्यातलं आटवलेलं दूध ओतायचं. माथ्यावर एक जांभळा गोळा आणि कॅरॅमल कस्टर्डची एक फोड. मग लांब दांड्याच्या चमच्यानं तो सगळा देखावा मोडून, ढवळून, एकजीव करून खायचा.

मी पेल्याच्या तळाशी बघत होतो आणि एकेक ओळखीचा चेहरा दिसायला लागला. मूग, पाकातले. हरभरे, तेही पाकातले. फणसाचे गरे. साबुदाणा, जरा टपोरा. चायना ग्रासच्या जेलीचे तुकडे. वर भुरभुरलेले भाजके पोहे, ज्यांना ते 'पिनिपिग' म्हणतात: कोवळा चिकट तांदूळ कुटून चपटा केलेला. आणि तो जांभळा गोळा? त्याचं नाव 'उबे'. आते म्हणाली की हा एक कंद आहे. नंतर वनस्पतीचं शास्त्रीय नाव शोधलं तर निघालं आपलं कोनफळ! आजी एकादशीला त्याच्या काचऱ्या करायची. तेच कोनफळ इथे दूध-साखरेत घोटून, लोण्यात परतून, राजेशाही जांभळ्या रंगात माथ्यावर बसलं होतं.

म्हणजे बघा, अर्धा पेला आपल्या वाणसामानाच्या यादीतला. आणि तरी एकत्र आल्यावर चव अशी की पूर्वी कधी चाखलीच नव्हती. फालुद्याच्या जवळपास जाते म्हणावं तर तेही खरं नाही. प्रत्येक घासात दाताखाली वेगळं काही येतं.

बर्फ किसायचं यंत्र मात्र माझ्यातल्या इंजिनिअरला जास्त भावलं. ओतीव लोखंडाचं, हातानं चाक फिरवायचं, गुडघ्याएवढं उंच, हिरवा रंग दिलेलं. वरून काट्यांची चकती बर्फाची लादी दाबून धरते आणि फिरवते, खाली पात्याला लागून भुगा नव्हे तर पापुद्रे निघतात. आपला गोळेवाला उलट्या रंध्यावर लादी घासतो, त्याच तत्त्वाचं हे सुधारलेलं रूप. आतेनं बर्फ फ्रीझरमधून काढून वीस मिनिटं तसाच ठेवला होता. का, असं विचारलं तर म्हणाली, "आई तसंच करायची." कारण उघड आहे. शून्याखाली अठरा अंशांवरचा बर्फ ठिसूळ असतो, पात्याखाली फुटतो. शून्याच्या जवळ आलेला बर्फ मऊ होतो आणि सोलला जातो. आतेच्या आईला हे कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

यंत्र आईचंच. मनिलात उन्हाळ्यात, म्हणजे मार्च ते मे, लोक घरासमोर टेबल मांडतात, बरण्या लावतात आणि हालो-हालो विकतात. आतेची आई वर्षानुवर्षं विकायची. १९७० च्या दशकात हे यंत्र तिनं जुन्या बाजारातून घेतलं होतं आणि आते ते सामानात बांधून समुद्रापार घेऊन आली होती.

चाक फिरवताना माझ्या बोटांना रंगाखाली काहीतरी उठावाचं लागलं. अक्षरं होती. रोमन नव्हेत. मी फोनवर फोटो काढला.

"आते, हा पदार्थ मूळचा कुणाचा?" मी विचारलं.

"आमचा. आणखी कुणाचा?" ती म्हणाली आणि माझ्या पेल्यात आणखी एक चमचा मूग घातले.

*

सोमवारी आमच्या जपानी सहकाऱ्याला फोटो दाखवला. त्यानं डोळे बारीक करून वाचलं: "हात्सुयुकी." म्हणजे मोसमातलं पहिलं हिम. जपानातल्या बर्फ किसायच्या यंत्रांचं हे एक जुनं, नावाजलेलं नाव. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. पुढचे दोन आठवडे चिलरचा अहवाल लिहायचा सोडून मी रात्री हालो-हालोचा इतिहास वाचत होतो. काय हाती लागलं ते सांगतो.

पहिला प्रश्न: मनिलात बर्फ आला कुठून? हा देश विषुववृत्तापासून फार लांब नाही. तिथे निसर्गानं बर्फ पडत नाही. तागालोगमध्ये बर्फाला 'येलो' म्हणतात आणि तो स्पॅनिश 'हिएलो'चा अवतार आहे. वस्तू बाहेरून आली तशी तिच्याबरोबर शब्दही आला. (हसू नका, आपला 'बर्फ' तरी कुठला? फारसी.)

कृत्रिम बर्फाच्या आधी खऱ्या बर्फाचा व्यापार होता, आणि तो वेडाच्या जवळपास जाणारा होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्युडर नावाच्या माणसानं १८०६ साली तळ्यातला गोठलेला बर्फ कापून गरम देशांत विकायचा धंदा सुरू केला. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' हे जहाज लाकडाच्या भुशात बांधलेला १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांनी, दोनदा विषुववृत्त ओलांडून, त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी हा अमेरिकन बर्फ मुंबईत उतरला. फोर्टात पुढे बर्फासाठी खास गोदाम बांधलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हाच बर्फ मनिलापर्यंतही गेला. अर्थात ती साहेबांची आणि शेठ लोकांची चैन. रस्त्यावरच्या माणसाच्या पेल्यात तो पडणं शक्य नव्हतं.

बर्फ एवढा कसा टिकतो, हे एका आकड्यात सांगता येतं. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशाचं एक ग्रॅम पाणी ८० अंशांवर जातं. म्हणून बर्फाचा मोठा ढीग स्वतःच स्वतःला सांभाळतो. आणि म्हणूनच एक पेला किसलेला बर्फ मनिलाच्या एप्रिलमध्ये माणसाला पंधरा मिनिटं तरी माणसात आणतो.

मग आलं १८९८. स्पेननं त्यापूर्वी सव्वातीनशेहून जास्त वर्षं फिलिपिन्सवर राज्य केलं होतं. मे महिन्यात अमेरिकन आरमारानं मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश ताफा बुडवला आणि डिसेंबरच्या पॅरिस तहात स्पेननं दोन कोटी डॉलर घेऊन हा देश अमेरिकेच्या हवाली केला. स्वातंत्र्य जाहीर करून बसलेल्या फिलिपिनो लोकांना कुणी विचारलं नाही. त्यातून जे युद्ध पेटलं ते संपल्याचं अमेरिकेनं ४ जुलै १९०२ ला जाहीर केलं. आणि त्याच १९०२ साली, पासिग नदीच्या दक्षिण काठावर, अमेरिकन सरकारनं बर्फाचा प्रचंड कारखाना उभा केला. नाव 'इन्स्युलर आइस प्लांट'. नवीन राजवटीनं मनिलात केलेल्या अगदी पहिल्या मोठ्या बांधकामांतलं हे एक. एखादं राज्य नव्या मुलखात सर्वांत आधी काय बांधतं यावरून त्याचा स्वभाव कळतो म्हणतात. स्पॅनिशांनी चर्च आणि तटबंदी बांधली. अमेरिकनांना आधी बर्फ हवा होता, सैनिकांसाठी, इस्पितळांसाठी, मांस टिकवण्यासाठी. कारखान्याची उंच चिमणी कित्येक वर्षं मनिलाच्या आकाशात उठून दिसायची. १९८० च्या दशकात, शहरी रेल्वेचा मार्ग बांधला जात होता तेव्हा, ती इमारत पाडली गेली.

नदीच्या पलीकडच्या काठावर आहे कियापो आणि तिथली किंटा मंडई. हालो-हालो इथेच जन्मला असं मनिलात बरेच जण सांगतात, आणि कारण देतात ते बर्फाच्या कारखान्याचं. पूल ओलांडला की लादी हजर. माल जिथे स्वस्त तिथे धंदा उभा राहतो, एवढं तर कुणीही मान्य करेल.

*

बर्फ अमेरिकेचा झाला. पण तो किसून त्यात गोड कडधान्य घालायची कल्पना कुणाची? आपण मुगाचं वरण करतो, लाडू करतो. बर्फात मूग घालणं आपल्याला सुचणार नाही. फिलिपिनोंनाही आपणहून सुचलं नव्हतं.

१९०३ साली अमेरिकनांनी डोंगरातल्या बागियो गावाकडे रस्ता खोदायचं काम जोरात हाती घेतलं. बागियो म्हणजे त्यांचं महाबळेश्वर, उन्हाळ्यात सरकारसकट पळून जायची जागा. दरडी, पूर, मलेरिया यांनी काम अडलं होतं. तिथे राबायला अनेक देशांतून मजूर आणले, त्यात मोठ्या संख्येनं जपानी होते. रस्ता १९०५ मध्ये खुला झाला. बरेच जपानी परत गेले नाहीत. काही दक्षिणेला दाव्हाओत गेले आणि दोरखंडाच्या धाग्यासाठी अबाकाच्या बागा करू लागले. १९३० च्या दशकाअखेरीस एकट्या दाव्हाओत सुमारे १८,००० जपानी होते. बाकीचे मनिलात सुतार झाले, माळी झाले, छोटी दुकानं टाकून बसले. त्या दुकानांत एक प्रकार होता गोड आणि गार खाण्याच्या दुकानांचा.

जपानात किसलेला बर्फ, म्हणजे काकिगोरी, फार जुना. हजार वर्षांपूर्वी सेई शोनागोन या दरबारी बाईनं तिच्या टिपणांत त्याचा उल्लेख केला आहे. शिवाय अझुकी नावाच्या लाल कडधान्याचा गोड लगदा हा जपानी मिठायांचा आत्मा. आपण पुरणाला जो मान देतो तो. मनिलातल्या जपानी दुकानदारांनी अझुकीच्या जागी तिथे सहज मिळणारे मूग पाकात शिजवले, त्यावर बर्फ किसला आणि दूध ओतलं. गिऱ्हाइकांनी त्याला स्पॅनिश-तागालोग मिश्रणातलं नाव दिलं: 'मुंगो कोन येलो', बर्फासह मूग. तसंच मक्याचं, तसंच केळ्याचं. या जपानी दुकानांची कथा फिलिपिन्सचे इतिहासकार अँबेथ ओकांपो यांनी लिहिली आहे. आज हालो-हालोचं मूळ सांगताना तीच पुढे केली जाते.

आणि 'मुंगो' हा शब्द? तो आपल्या 'मुगा'च्याच गोतातला. मूग हजारो वर्षांपूर्वी भारतात लागवडीखाली आले आणि मग पूर्वेकडे पसरले. साखरेला तागालोगमध्ये 'आसुकाल' म्हणतात. संस्कृत शर्करा, तिची फारसीत आणि अरबीत झालेली रूपं, अरबीतून स्पॅनिश, आणि स्पॅनिशांबरोबर गलबतातून मनिला. म्हणजे शर्करा निम्मी पृथ्वी फिरून मुगाला पुन्हा भेटली, तीही बर्फाखाली.

पेल्यातल्या बाकीच्या मंडळींचीही अशीच एकेक वहिवाट आहे. कस्टर्ड आणि हरभरे स्पॅनिशांचे. डब्यातलं दूध अमेरिकन जमान्याचं. १९०९ च्या कायद्यानं अमेरिकन माल बहुतांशी जकातीशिवाय येऊ लागला, आणि जिथे दुभती जनावरं कमी आणि हवा दमट तिथे डब्याचं दूध घरोघर पोचायला वेळ लागला नाही. फणस, नारळ, केळी, कोनफळ हे त्या मातीतलं. पारदर्शक चिवट चौकोनी तुकडे असतात ते 'नाता दे कोको'. नारळाच्या पाण्यावर एक जिवाणू वाढवतात, तो शुद्ध सेल्युलोजची साय धरतो, तीच कापायची. हे १९४९ साली तेओदुला कालाव आफ्रिका या फिलिपिनो रसायनशास्त्रज्ञ बाईंनी शोधलं. 'माकापुनो' नावाच्या नारळात पाण्याऐवजी मऊ, लोण्यासारखं खोबरं भरलेलं असतं, पण त्याचं बी आपणहून रुजत नाही. लोस बान्योसच्या विद्यापीठात एमेरिता दे गुझमान यांनी १९६० च्या दशकात त्याचे गर्भ प्रयोगशाळेत वाढवून ती अडचण सोडवली. आम्ही संशोधक म्हणवणाऱ्यांनी कान धरावेत असे हे दोन चमचे.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो एक साधा फरक. जपानी काकिगोरीत बर्फ आणि वरचा पाक हे मुख्य. त्याचा डोंगर हळूच वरून खायचा, मोडायचा नाही. मनिलात डोंगर मोडायचा असतो. पदार्थाच्या नावात ना बर्फ आहे, ना मूग, ना दूध. नाव आहे खाणाऱ्यानं करायच्या क्रियेचं.

*

इथवर वाचून मी भलताच खूश होतो. प्रबंध हातात घेतलेल्या विद्यार्थ्यासारखा आतेला गाठून सांगणार होतो: तुझा पदार्थ जपानी आहे, आणि तुझं यंत्रही! पण त्याच रात्री मी पुढचं पान उलटलं.

८ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरनंतर काही तासांतच जपाननं फिलिपिन्सवर हल्ला केला. तिथल्या जपानी रहिवाशांना, म्हणजे सुतार, माळी, गोड दुकानवाले, सगळ्यांना फिलिपिनो आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनी पकडून छावण्यांत ठेवलं. २ जानेवारी १९४२ ला जपानी सैन्य मनिलात शिरलं आणि पारडं फिरलं. छावण्यांतले जपानी सुटले, त्यातले बरेच दुभाषे आणि वाटाडे म्हणून सैन्याच्या दिमतीला गेले. कालचा बर्फवाला आज गणवेशात दिसला, अशा आठवणी मनिलाच्या कितीतरी घरांत सांगितल्या जातात. त्यातल्या किती खऱ्या, किती भीतीनं रंगवलेल्या, हा भाग वेगळा.

फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकन फौजा परतल्या. मनिलात महिनाभर घराघरांतून लढाई झाली. नदीच्या दक्षिणेला कोंडलेल्या जपानी सैनिकांनी नागरिकांच्या कत्तली केल्या, अमेरिकन तोफांनी वस्त्याच्या वस्त्या भुईसपाट केल्या. सुमारे एक लाख नागरिक मेले.

युद्ध संपल्यावर जपानी नागरिकांना जहाजांत भरून जपानला धाडलं. त्यात ज्यांचा जन्मच फिलिपिन्समध्ये झाला होता असेही होते. फिलिपिनो बायकांशी झालेल्या लग्नांतली मुलं बहुतेक आईजवळ राहिली. गावकऱ्यांच्या संतापाला भिऊन कित्येकांनी बापाचं नाव टाकलं, कागद जाळले. त्यांतल्या काही जणांची, म्हातारपणी का होईना, आपण अमक्याची मुलं आहोत हे जपानी सरकारकडून मान्य करून घेण्याची धडपड आताआतापर्यंत चालू आहे.

आणि मुंगो कोन येलो? दुकानं गेली, दुकानदार गेले, पदार्थ राहिला. पुढे त्यात एकेक चमचा वाढत गेला, आणि आज तो देशाची ओळख म्हणून मिरवतो.

*

दोन आठवड्यांनी आतेनं पुन्हा बोलावलं. उकाडा ओसरला होता, पण फ्रीझरमध्ये लादी उरली होती. मी गप्प बसायचं ठरवून गेलो होतो. चाक फिरवता फिरवता मात्र तोंडातून निघालंच: "आते, या रंगाखाली काय लिहिलंय माहीत आहे?"

तिनं मान वर केली नाही. "जपानी आहे ते."

"तुला माहीत होतं?"

"आईनं हा रंग मारला ना, डॉक. माझ्यासमोर. यंत्र आणलं त्याच दिवशी."

मग तिनं सांगितलं. आतेची आई युद्धाआधी आठ-नऊ वर्षांची होती. गल्लीच्या तोंडाशी एका जपान्याचं दुकान होतं. बर्फावर मूग. पोरांना तो एक चमचा जास्त घालायचा. त्याचं नाव आईला शेवटपर्यंत आठवत होतं. १९४५ च्या फेब्रुवारीत आईचा थोरला भाऊ, वय सतरा, जपानी सैनिकांनी घरातून नेला. तो परत आला नाही.

"दोन्ही गोष्टी आई सांगायची," आते म्हणाली. "पण एका दिवशी कधीच नाही. मुगाची गोष्ट सांगितली तर भावाची नाही. भावाची सांगितली तर मुगाची नाही."

"मग यंत्र घेतलं कशाला?"

"चांगलं होतं म्हणून. त्याच्यासारखा बर्फ दुसऱ्या कशात निघत नाही, म्हणायची. पण गिऱ्हाइकांतही अशी माणसं होती ज्यांच्या घरातलं कुणी गेलं होतं. त्यांना ती अक्षरं दिसू नयेत म्हणून रंग."

मी काय बोलणार! दोन आठवडे मी ज्याला शोध समजत होतो, तो या घरात पन्नास वर्षं हिरव्या रंगाखाली व्यवस्थित ठेवलेला होता. तिच्या "आमचा, आणखी कुणाचा?" या उत्तराला मी भाबडं अज्ञान समजलो होतो.

फिलिपिन्समध्ये डोरीन फर्नांडिस नावाच्या विदुषी होऊन गेल्या. खाण्यावर त्यांनी फार सुरेख लिहिलं. परका पदार्थ देशी कसा होतो हा त्यांचा आवडता विषय. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं की लोक बाहेरचं जसंच्या तसं घेत नाहीत. आपल्या जिभेनं, आपल्या बाजारानं, आपल्या गरजेनं त्याला बदलत नेतात आणि एक दिवस ते आपलं झालेलं असतं. हे वाचून मला आपलं उपासाचं ताट आठवलं. बटाटा, शेंगदाणा, मिरची, तिन्ही पोर्तुगीजांच्या वाटेनं आलेल्या, मूळच्या अमेरिका खंडातल्या. त्यांना सोवळ्यात घेताना आपण कुणालाही विचारलं नाही. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीला 'परदेशी' म्हणणाऱ्याला आजीनं घराबाहेर काढलं असतं, आणि तिचं बरोबरच होतं.

पण आतेच्या स्वयंपाकघरात मला आणखी एक गोष्ट कळली. पदार्थाला आपला म्हणायला तो आणणाऱ्याला विसरावं लागतंच असं नाही. आतेच्या आईनं त्या दुकानदाराचं नाव जन्मभर लक्षात ठेवलं, भाऊही लक्षात ठेवला, आणि एकाच्या बदल्यात दुसऱ्याला सोडून दिलं नाही. "जपानी मुळाचा पदार्थ" असं मी एका ओळीत लिहून मोकळा झालो असतो. तिनं ते उन्हाळ्यामागून उन्हाळे हातानं चाक फिरवत निभावलं.

परदेशात राहणारा माणूस म्हणून तो दुकानदार माझ्या मनातून जात नाही. दूर देशात येऊन छोटं दुकान टाकलेला, शेजारच्या पोरांना चमचाभर मूग जास्त घालणारा एक माणूस. त्याच्या देशानं जे केलं त्यात त्याचा हात किती होता, हे आतेच्या आईलाही कधी कळलं नाही. १९४१ नंतर तो गल्लीत दिसला नाही, एवढंच ती सांगायची.

निघताना मी विचारलं, "आते, आता इथे कोण बघणार आहे? रंग काढून टाकू का? मी नीट घासून देतो."

तिनं थोडा विचार केला. "राहू दे," म्हणाली. "आईनं मारलाय तो." मग माझ्या हातात लांब चमचा दिला. माझ्या पेल्यातला डोंगर मी बोलण्याच्या नादात तसाच ठेवला होता आणि तो एका बाजूनं वितळायला लागला होता.

"ढवळ आधी," ती म्हणाली. "नुसता बघत बसलास तर पाणी होईल."